पायाच्या लोखंडाचा हिशेब: आधी सळया मोजा, वजन नंतर

"फुटिंगला (कॉलमखालच्या काँक्रीटच्या पायाला) स्टील किती लागेल?" असं विचारलं की बांधकामात मुरलेला माणूस बहुतेक वेळा एका दमात उत्तर देतो: काँक्रीट किती घनमीटर आहे ते सांगा, त्याला अमुक किलोने गुणा, झालं. उत्तर पटकन मिळतं, ऐकायला पक्कं वाटतं आणि म्हणूनच घात करतं. एकाच फुटिंगचा हा "घनमीटरला किलो" दर अगदी प्रामाणिकपणे ३३ येऊ शकतो आणि तितक्याच प्रामाणिकपणे ७२ सुद्धा. कसा, ते पुढे आकडेमोड करून पाहू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. सळई किती जाड, किती अंतरावर आणि किती लांब हे ठरवणं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम. मातीची ताकद आणि कॉलमवरचा भार पाहून तो ते ठरवतो. आपण बोलतोय त्यानंतरच्या कामाबद्दल: ड्रॉइंग हातात आलंय, आता त्यातलं लोखंड मोजायचंय.

मोजण्याआधी सळया तिथे का असतात ते कळलेलं बरं, म्हणजे मोजताना काही सुटत नाही. थर्माकोलचा जाड तुकडा घ्या, मधोमध दोन्ही अंगठे रोवून दाबा आणि बोटांनी कडा वर उचला. तुकडा खालच्या बाजूने फाटतो. फुटिंगचं अगदी हेच होतं. मधून कॉलम खाली दाबतो, माती सगळीकडून वर ढकलते आणि कडा वर वळायला बघतात. त्यामुळे फुटिंगचा तळ ताणला जातो. काँक्रीट दाब छान सोसतं, पण ताण सोसायची त्याची ताकद दाबाच्या साधारण एक दशांश. म्हणून सळयांची जाळी तळाशी असते, दोन्ही दिशांनी. साध्या, एका कॉलमच्या फुटिंगला बहुतेक वेळा वरच्या बाजूला जाळी लागत नाही. राफ्टला, म्हणजे अनेक कॉलमखाली पसरलेल्या एकसंध पायाला, मात्र लागते, कारण तिथे दोन कॉलमच्या मधला भाग उलट्या स्लॅबसारखा वाकतो.

आता एक फुटिंग घेऊ. लांबी १.८ मीटर, रुंदी १.५ मीटर, जाडी ४५० मिलिमीटर. तळाला १२ मिलिमीटरच्या सळया, दोन्ही दिशांनी १५० मिलिमीटर अंतरावर. ड्रॉइंगवर हे "टी १२ @ १५० सी/सी" असं लिहिलेलं असतं. सी/सी म्हणजे एका सळईच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत. कव्हर ५० मिलिमीटर. प्रत्येक सळईची दोन्ही टोकं काटकोनात वर वळवलेली, तो उभा पाय बाहेरून मोजून २०० मिलिमीटर.

कव्हर म्हणजे सळई आणि काँक्रीटचा बाहेरचा पृष्ठभाग यांच्यातलं अंतर. मातीतला ओलावा सळईपर्यंत पोचू नये म्हणून ते ठेवतात. सळई गंजली की फुगते आणि फुगली की काँक्रीट फोडते. काँक्रीटच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ४५६ मध्ये, फुटिंगसाठी किमान ५० मिलिमीटर कव्हर सांगितलंय. अमेरिकेच्या एसीआय ३१८ या मानकात काँक्रीट थेट मातीला टेकून ओतलं असेल तर ७५ मिलिमीटर. लोखंडाच्या वजनात यामुळे फारसा फरक पडत नाही, पायाच्या आयुष्यात पडतो.

मोजायला लागलं की पहिली ठेच लागते ती नगांच्या संख्येत. लांबीच्या दिशेने जाणाऱ्या सळया रुंदीवर पसरतात, रुंदीच्या दिशेने जाणाऱ्या लांबीवर. सरळ वाक्य आहे, पण घाईत भले भले इथे उलटसुलट करतात. लांब सळया पसरायला जागा १५०० वजा दोन बाजूंचं कव्हर १०० म्हणजे १४०० मिलिमीटर. भागिले १५०, उत्तर ९.३३. म्हणजे ९ गाळे (दोन सळयांमधली अंतरं) पुरत नाहीत, १० घ्यावे लागतात. आणि १० गाळ्यांना खांब ११ लागतात. कुंपण घालणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं, तरी हिशेबाच्या कागदावर तो शेवटचा "अधिक एक" हमखास गळतो. लांब सळया ११. आखूड सळयांसाठी १८०० वजा १०० म्हणजे १७००, भागिले १५०, उत्तर ११.३३. गाळे १२, सळया १३.

आयताकृती फुटिंगमध्ये आखूड सळया मधल्या पट्ट्यात थोड्या दाट आणि कडेला विरळ ठेवायचा नियम आहे. लांबी-रुंदीत फरक जितका जास्त, तितका हा पट्टा महत्त्वाचा. आपल्या उदाहरणात फरक थोडाच आहे म्हणून सरसकट एकच अंतर धरलंय. ड्रॉइंगवर पट्टा दाखवला असेल तर तिथले नग वेगळे मोजायचे.

आता एका सळईची लांबी, जिला साइटवर कटिंग लेंथ म्हणतात. लांब सळईचा आडवा भाग १८०० वजा १००, म्हणजे १७००. दोन उभे पाय ४००. एकूण २१००. पण २१०० कापली तर सळई वाकवल्यावर जास्त भरते. कारण सळई कोपऱ्यात टोकदार दुमडत नाही, गोल वळते. चौकातून जाताना आपण कोपऱ्यापर्यंत जाऊन वळत नाही, थोडं आधीच तिरकं निघतो आणि चार पावलं वाचवतो, तसंच. आडवा आणि उभा भाग बाहेरून मोजला की कोपरा दोनदा धरला जातो. म्हणून काटकोनाच्या प्रत्येक वळणाला सळईच्या व्यासाच्या दुप्पट लांबी वजा करायची रीत आहे. ४५ अंशाला एकपट, १३५ अंशाला तिप्पट. हे व्यवहारातले ठोकताळे आहेत, भूमितीने नेमका आकडा काढला तर वाकवण्याच्या त्रिज्येप्रमाणे तो थोडा बदलतो, पण अंदाजाला एवढं पुरतं. आपल्याकडे दोन वळणं, प्रत्येकी २४ मिलिमीटर, एकूण ४८. लांब सळई २०५२, आखूड सळई १४०० अधिक ४०० वजा ४८ म्हणजे १७५२.

११ गुणिले २.०५२ म्हणजे २२.५७ मीटर. १३ गुणिले १.७५२ म्हणजे २२.७८ मीटर. जाळीची एकूण लांबी ४५.३५ मीटर.

वजन येतं ते इथे, सगळ्यात शेवटी. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किलो. हा १६२ पाठ सगळ्यांचा असतो, तो आला कुठून हे मात्र फार कमी जण सांगतात. लोखंडाचं वजन घनमीटरला ७८५० किलो. एक मीटर लांब सळईचं आकारमान म्हणजे तिच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले एक मीटर. π भागिले ४, गुणिले व्यासाचा वर्ग, गुणिले ७८५०, आणि मिलिमीटरचे मीटर करायला भागिले दहा लाख. सगळं सोडवलं की व्यासाचा वर्ग भागिले १६२.२ उरतं. तो ०.२ सोडून दिलाय, इतकंच. १२ मिलिमीटरला १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८८९ किलो. ८ मिलिमीटरला ०.३९५, १० ला ०.६१७, १६ ला १.५८, २० ला २.४७, २५ ला ३.८६. व्यास दुप्पट केला की वजन चौपट होतं हे या ओळीत दिसेलच.

सुताचा हिशेब अजूनही कानावर येतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "चार सुती सळई" म्हटलं की व्यवहारात १२ मिलिमीटरची समजतात, पण चार सूत म्हणजे अर्धा इंच आणि अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. गंमत अशी की अमेरिकेत सळयांचे नंबर याच पद्धतीने चालतात. तिथली चार नंबरची सळई खरोखर १२.७ ची असते. मीटरला जवळपास १ किलो. ०.७ मिलिमीटरच्या फरकाने वजन १२ टक्क्यांनी चढतं. त्यामुळे बोलताना सूत चालेल, कागदावर मिलिमीटरच हवेत.

आपली जाळी: ४५.३५ गुणिले ०.८८९, म्हणजे ४०.३ किलो.

समजा ड्रॉइंगच्या प्लॅनमध्ये (वरून दिसणाऱ्या चित्रात) फक्त सरळ रेषा पाहिल्या आणि सेक्शनमधले (उभ्या छेदातले) ते वर वळलेले पाय नजरेतून सुटले. मग लांबी ३६.९ मीटर आणि वजन ३२.८ किलो भरतं. एका फुटिंगला साडेसात किलोची तूट, आणि ती गुणाकाराच्या चुकीने नाही, सेक्शन न पाहिल्याने. मला विचाराल तर पायाच्या लोखंडाच्या अंदाजातल्या बहुतेक मोठ्या चुका अशाच असतात. कॅल्क्युलेटर बरोबर असतो, सळई डोळ्यांसमोर आलेली नसते.

यातला सगळ्यात महागडा विसर म्हणजे कॉलमच्या स्टार्टर सळया. फुटिंग ओतायच्या आधीच कॉलमच्या सळया जाळीवर उभ्या करून बांधाव्या लागतात, नंतर त्या घालता येत नाहीत. फुटिंगचा हिशेब करणारा म्हणतो, त्या कॉलममध्ये धरल्या असतील. कॉलमचा हिशेब करणारा प्लिंथपासून (जोत्यापासून) वर सुरू करतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि सळया कुणाच्याच खात्यात नाहीत. कधी उलट होतं आणि दोघंही धरतात.

आपल्या फुटिंगवर ३०० बाय ४५० चा कॉलम आहे, त्यात १६ मिलिमीटरच्या ६ सळया. खाली जाळीवर टेकणारा आडवा पाय ३०० मिलिमीटर. फुटिंगच्या आतली उंची ४५० वजा ५० कव्हर वजा जाळीचे दोन थर २४, म्हणजे ३७६. फुटिंगच्या माथ्यापासून प्लिंथ बीमच्या माथ्यापर्यंत १२००. त्यावर पुढच्या सळईला जोडायला लॅप, म्हणजे दोन सळया शेजारी-शेजारी ठेवायची लांबी. लॅप किती हे काँक्रीटच्या आणि सळईच्या ग्रेडवर ठरतं आणि ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं. अंदाजाला बरेचदा व्यासाच्या ५० पट धरतात, म्हणजे इथे ८००. बेरजेतून एका वळणाचे ३२ वजा केले की २६४४ मिलिमीटर. सहा सळया १५.८६ मीटर, वजन २५ किलो. म्हणजे ज्या सळया "फुटिंगच्या नाहीतच" असं कुणी म्हणतं, त्यांचं वजन फुटिंगच्या जाळीच्या निम्म्याहून जास्त.

त्यांच्याभोवती रिंगा. कव्हर ४० धरलं तर रिंग बाहेरून २२० बाय ३७०, परिघ ११८०. दोन हुकांना व्यासाच्या दहापट प्रमाणे १६०. तीन काटकोनी वळणांचे ४८ आणि हुकांच्या दोन १३५ अंशी वळणांचे ४८ वजा. एक रिंग १२४४ मिलिमीटर. मानेत, म्हणजे फुटिंगच्या माथ्यापासून प्लिंथपर्यंतच्या कॉलममध्ये, १५० अंतरावर ९ आणि फुटिंगच्या आत ३, अशा १२ रिंगा, ८ मिलिमीटरच्या. ५.९ किलो. मधल्या सळयांना वेगळी कडी दाखवली असेल तर ती आणखी वेगळी.

तर जाळी ४०.३, स्टार्टर २५.१, रिंगा ५.९. एकूण ७१.३ किलो.

आता सुरुवातीचा दर. चौकोनी ठोकळा फुटिंगचं काँक्रीट १.८ गुणिले १.५ गुणिले ०.४५, म्हणजे १.२१५ घनमीटर. फक्त जाळी धरली तर घनमीटरला ३३ किलो. स्टार्टर आणि रिंगा फुटिंगच्या खात्यात टाकल्या आणि मानेचं काँक्रीट मात्र कॉलमकडेच ठेवलं, तर ५९ किलो. हेच फुटिंग उतरतं केलं, कडेला ३०० जाडी आणि कॉलमजवळ ४५०, तर काँक्रीट उतरून ०.९९५ घनमीटर होतं. जाळी तळाशीच असल्याने एक सळईही कमी होत नाही. दर झाला ४०.५, आणि स्टार्टर-रिंगांसकट ७२. सळया त्याच, खड्डा तोच. म्हणून दुसऱ्या कुणाचा दर ऐकला की पहिला प्रश्न विचारायचा: यात काय काय धरलंय?

दर अगदी टाकाऊ नाहीत. काँक्रीटच्या आकारमानाच्या एक टक्का लोखंड म्हणजे घनमीटरला ७८.५ किलो, एवढं लक्षात ठेवलं की कुठलाही दर टक्क्यांत बदलून पाहता येतो. आपली जाळी ०.४२ टक्के झाली. साध्या फुटिंगच्या जाळीचं उत्तर घनमीटरला दीडशे किलोच्या घरात आलं तर बहुधा दशांश चिन्ह सरकलंय किंवा जाळी दोनदा मोजलीय. दराचा खरा उपयोग इतकाच: उत्तर आल्यावर त्याला एकदा दरडावून पाहायला.

यापुढचा भाग हिशेबाच्या वहीत क्वचित येतो, पण पैसा तिथेच जातो. सळया सहसा १२ मीटर लांबीच्या येतात. आपल्याला हवेत २.०५२ आणि १.७५२ मीटरचे तुकडे. समजा अशी २० फुटिंग आहेत: २२० लांब तुकडे, २६० आखूड. फिटर काय करतो? आधी सगळे लांब कापतो, मग आखूड. एका सळईतून पाच लांब तुकडे निघतात, उरतात १.७४० मीटर. आखूड तुकडा हवाय १.७५२. फक्त १२ मिलिमीटरने हुकतो! असे ४४ उरलेले तुकडे बाजूला पडतात. मग आखूड तुकड्यांसाठी सळईला सहा प्रमाणे आणखी ४४ सळया लागतात. एकूण ८८.

त्याऐवजी एका सळईतून तीन लांब आणि तीन आखूड काढले तर ११.४१२ मीटर वापरले जातात. दोन लांब आणि चार आखूड काढले तर ११.११२. एका फुटिंगचे २४ तुकडे: पहिल्या तीन सळयांतून तीन-तीन, चौथीतून दोन लांब आणि चार आखूड. बरोबर चार सळया, २० फुटिंगला ८०. यापेक्षा कमी शक्यच नाही, कारण आखूड तुकडेसुद्धा एका सळईत सहाच्या वर बसत नाहीत. कापायच्या नुसत्या क्रमाने आठ सळया, म्हणजे ८५ किलो वाचले. निव्वळ गरज ८०६ किलोची होती. ८० सळया म्हणजे ८५३ किलो, सहा टक्क्यांच्या आत वेस्टेज. ८८ म्हणजे ९३९ किलो, सोळा टक्क्यांच्या वर. "वेस्टेज ३ ते ५ टक्के धरा" हा सल्ला म्हणूनच मला अपुरा वाटतो. वेस्टेज धरायची गोष्ट नाही, कापण्याचा तक्ता बसवून काढायची आहे.

राफ्ट आला की दोन गोष्टी वाढतात. एक, लॅप. १२ मीटरच्या पुढे सळई जोडावीच लागते. १६ मिलिमीटरला ८०० लॅप धरला तर लांब राफ्टमध्ये प्रत्येक सळईचे उपयोगी मीटर ११.२ च राहतात, म्हणजे सात टक्के लोखंड केवळ जोडात जातं. दोन, खुर्च्या. वरची जाळी हवेत राहत नाही, तिला खालून आधार लागतो. ५०० मिलिमीटर जाडीच्या राफ्टमध्ये १६ च्या जाळ्या असतील तर १२ मिलिमीटरच्या सळईची एक खुर्ची, वरचा दांडा ३०० आणि खालचे पाय २०० चे धरून, साधारण १.१ किलोची होते. चौरस मीटरला एक धरली तर २०० चौरस मीटरच्या राफ्टला सव्वादोनशे किलो निव्वळ खुर्च्यांचे. ड्रॉइंगवर त्या बरेचदा काढलेल्याही नसतात, तळटीपेत एक ओळ असते. वर सांगितलेले उरलेले तुकडे इथे कामी येतात, लांबी पुरत असेल तर. जाळी बांधायची तार वेगळी, टनाला साधारण ८ ते १० किलो. काँक्रीट पीसीसीचं, म्हणजे साधं बिनसळईचं, असेल तर त्यात लोखंड नाही, ते या हिशेबात आणायचंच नाही.

शेवटी माल उतरतो तेव्हाचं. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई हिशेबाने १०.६७ किलोची, म्हणजे एका टनात ९४ सळया. प्रत्यक्षात सळई थोडी हलकी किंवा जड असू शकते. सळयांच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १७८६ मध्ये, १० मिलिमीटरपर्यंत ७ टक्के, त्यापुढे १६ पर्यंत ५ टक्के आणि १६ च्या वर ३ टक्के इतका फरक दोन्ही बाजूंनी चालतो. सळया ५ टक्क्यांनी हलक्या असतील तर काट्यावर एक टन भरलेल्या मालात ९८-९९ नग निघतील. वजनावर घेतला तर नग जास्त मिळाले, नगावर घेतला तर लोखंड कमी मिळालं. आपल्या २० फुटिंगच्या जाळ्यांना ८० नग लागतात, म्हणून तिथे काट्याची पावती पाहून थांबायचं नाही. गठ्ठा सोडायच्या आधी नग मोजायचे आणि दोन-चार सळयांना टेप लावायचा, कारण १२ मीटरची म्हणून आलेली सळई ११.३ भरली तर तीन लांब आणि तीन आखूडचा तक्ता पहिल्याच कापाला मोडतो.